200 क्रोनरची बिर्केलँड नोट: घेण्यासारखी आहे, पण पारखून

नॉर्वेची सातव्या मालिकेतली 200 क्रोनरची नोट नाशिकमधल्या एखाद्या विक्रेत्याकडे दिसली, तर आधी तिच्यावर छापलेलं साल बघा. 1994 पासूनच्या सुरुवातीच्या नोटांवर चकाकती पट्टी नाही, ती 2002 च्या छपाईपासून आली. संग्रह पूर्ण करायचा तर दोन्ही हव्यात; एकच घ्यायची असेल तर पट्टी नसलेली घ्या, तिची मांडणी अधिक देखणी आहे.

नोटेवर क्रिस्टियान बिर्केलँड आहे, ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यासक. द्राक्षबागेत ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट सोडणाऱ्यांचाही त्याच्याशी संबंध आहे. 1903 साली त्याने उद्योजक सॅम आयडेसोबत विजेच्या ज्योतीत हवेतला नायट्रोजन बांधायची, म्हणजे संयुगात आणायची, पद्धत काढली, त्यातून हेच खत तयार होऊ लागलं आणि 1905 मध्ये नॉर्स्क हायड्रो ही कंपनी उभी राहिली. धबधब्यांची स्वस्त वीज होती म्हणूनच हे परवडलं. नॉर्वेच्या समुद्रातल्या एकोफिस्क क्षेत्राचं तेल सापडलं 1969 ला. म्हणजे ही नोट तेलाआधीच्या नॉर्वेची कमाई सांगते, आणि आमच्या मते तिचं खरं मोल तिथेच आहे.

पारखताना नोट तिरप्या उजेडात धरा. उठावाची, म्हणजे बोटाला जाणवणारी छपाई काय असते हे नोटांचा छापखाना शेजारी असलेल्या नाशिकरोडकरांना सांगायला नको; इस्त्री केलेल्या नोटेत तो उठाव बसतो. मग अतिनील दिवा लावा: चित्रातल्या प्रयोगपेटीचा न दिसणारा भाग उजळायला हवा. पण कागदच निळसर चमकला, तर नोट साबणाने धुतलेली असण्याचा दाट संशय घ्या.

ही नोट 30 मे 2018 पासून व्यवहारातून बाद आहे. नॉर्वेची मध्यवर्ती बँक त्यानंतर 10 वर्षं ती बदलून देते. इथले परकीय चलनवाले घेत नाहीत. क्रोन 8 रुपयांना धरला तर दर्शनी किंमत 1600 रुपये. कोऱ्या करकरीत नोटेला थोडे जास्त द्यायला हरकत नाही, पण मधोमध घडी पडलेलीला ‘बंद झाली, आता मिळत नाही’ म्हणून दुप्पट मागत असतील तर सोडा. ती दुर्मिळ नाही.

माप 144 बाय 70 मिमी. आपल्या 500 च्या नोटेची उंची 66, त्यामुळे तिच्या मापाच्या पाकिटात ही कोंबली की कड दुमडते. पीव्हीसीचं पाकीट नको, त्यातून सुटणारं द्रव्य कागद चिकट करतं, पॉलिएस्टरचं घ्या. पावसाळ्यात अल्बमच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि अल्बम उभा ठेवा.