गांडूळखत एक नंबर, दुकानदाराच्या गप्पा जरा जास्तच

कोल्हापुरात मार्केट यार्डाच्या बाजूला एका नर्सरीतून गांडूळखताची गोणी आन् थोडं कल्चर, म्हणजे खत करायची जिवंत गांडुळं, घेतलं. खत झकास, चहापत्तीसारखं दाणेदार, वास बिलकुल नाही, पाच स्टार. सल्ल्याला मात्र दोनच, कारण मालक म्हणतोय ही गांडुळं उसात सोडा, जमीन आपोआप नांगरून निघंल. तसं नसतंय राव! खतासाठी विकतात ती आयसेनिया फेटिडा, लालसर जात, शेणात-पाचटात वरच्यावर राहणारी, खोल जातच नाही.

जमीन पोखरतात ती आपली रानातली गांडुळं. पाय नाहीत पण अंगावर बारीक राठ केस असतात, ते मातीत रोवायचे, पुढचं अंग बारीक लांब करून सरकवायचं, मग ते जाड करून तिथंच पकड घ्यायची आन् मागचं ओढायचं, असं माती गिळत बिळं पाडत जातात, त्याच बिळांतनं पावसाचं पाणी मुरतंय, हवा खेळते, मुळ्या पण तीच वाट धरतात. आपल्या काळ्या चिकट रानाला हेच तर पाहिजे! ती गोणीत मिळत नाहीत, पाचट जाळायचं बंद करा, शेणखत टाका, वाढतील हळूहळू.

खताच्या बेडसाठी कल्चर मात्र बिनधास्त घ्या, चपळ होतं. सावली आन् ओल ठेवा, कातडीनंच श्वास घेतात, वाळली की मेली. ताजं गरम शेण नको. आन् मालक, गच्च प्लास्टिकच्या पिशवीत कशाला देताय, बारदानात द्या की!