आठ फिल्टरांचा डिजिटल कलरीमीटर: महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील अनुभव

आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली दोन वर्षे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यातील, आठ फिल्टरांचा डिजिटल कलरीमीटर, म्हणजे रंगीत द्रावण किती प्रकाश शोषते ते मोजणारे उपकरण, वापरात आहे. द्रावणाचे अवशोषण त्याच्या संहतीच्या प्रमाणात वाढते, हा बिअर-लॅम्बर्ट नियम पदवीच्या विद्यार्थ्यांना स्वतः पडताळून पाहता यावा, एवढ्यासाठीच आम्ही तो घेतला आणि त्या कामात तो पुरेपूर उतरला आहे.

पोटॅशियम परमँगनेटचे द्रावण जांभळे दिसते म्हणून विद्यार्थी हमखास जांभळ्या फिल्टरकडे वळतात. आम्ही त्यांना अडवत नाही. आठही फिल्टरांवर तेच द्रावण मोजून ५२० च्या हिरव्या फिल्टरला सर्वांत मोठा आकडा आला, की जो रंग द्रावण शोषते तो आपल्याला दिसत नाही, हे त्यांना कायमचे समजते. फिल्टरांची चकती हाताने फिरवायची ही सोय मला म्हणूनच मोलाची वाटते.

पाण्यातील लोह फिनँथ्रोलिन या अभिकर्मकाने (रंग आणणाऱ्या रसायनाने) नारिंगी-लाल करून मोजतानाही हाच फिल्टर चालतो. १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (द्रावण ठेवायच्या पारदर्शक नळीत) लिटरमागे १ मिलिग्रॅम लोहाला सुमारे ०.२ अवशोषण मिळते आणि ०.८ पर्यंत आलेख सरळ राहतो. त्यापुढे मात्र या उपकरणावर विसंबू नये. अवशोषण १ असताना डिटेक्टरपर्यंत १० टक्के प्रकाश पोहोचतो, २ असताना केवळ १ टक्का, आणि इतक्या क्षीण प्रकाशात थोडासा भटका प्रकाश मिसळला तरी वाचन खऱ्यापेक्षा कमी येऊन आलेख खाली वाकतो. दाट द्रावण मोजमापी चंबूत विरल करून घेणे हाच उपाय.

खरी तक्रार नमुनाकक्षाच्या झाकणाची आहे. ते सैल बसत असल्याने खिडकीजवळच्या टेबलावर वाचने घसरत होती आणि कारण सापडेपर्यंत एका तुकडीचे दोन तास वाया गेले. विक्रेत्याने झाकण बदलून दिले, पण तीन महिन्यांनी. तोवर आम्ही काळे कापड वापरले. शिवाय दिवा स्थिर होण्यास पुस्तिकेतील पाच मिनिटे पुरत नाहीत. पंधरा मिनिटे थांबून, ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी अभिकर्मकासह केलेल्या, पण नमुना नसलेल्या ब्लँकवर शून्य लावले, तरच आकडे जुळतात.

पाण्यातील नायट्रेट थेट २२० नॅनोमीटरवर मोजायचे असेल, तर हे उपकरण घेऊ नये. त्यासाठी क्वार्ट्‌झची क्युव्हेट आणि अतिनील स्पेक्ट्रोफोटोमीटरच लागतो.