सान्तोकू सुरीचे अकरा महिने: उडालेला टवका, नाकारलेली वॉरंटी आणि पाठीची ती कड

चौथ्या महिन्यात माझ्या सान्तोकूच्या, म्हणजे स्वयंपाकघरातल्या सगळ्या कामांच्या जपानी सुरीच्या, धारेचा टवका उडाला आणि मी हे लिहायला घेतलं. टोकापासून तीन बोटं आत, जेमतेम अर्ध्या मिलीमीटरचा, चंद्रकोरीसारखा. लांबून दिसतही नव्हता. पण टोमॅटोची साल नेमकी तिथे अडायची आणि प्रत्येक चकतीवर एक फाटकी रेघ उठायची. ती रेघ एकदा नजरेला पडली की मग दुसरं काही दिसत नाही.

विक्रेत्याला फोटो पाठवले. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं की हा बनावटीतला दोष नाही, वापरातली चूक आहे, वॉरंटी लागू होत नाही. मी विचारलं, कोणती चूक? तर तेच वाक्य पुन्हा आलं. असे सहा ई-मेल झाले. सुरी बदलून द्या असा माझा हट्ट नव्हता. माझं काय चुकलं तेवढं कळायला हवं होतं, म्हणजे पुन्हा तसं झालं नसतं. खोक्यातल्या कागदावर दोनच सूचना होत्या: डिशवॉशरमध्ये घालू नका आणि हाडं तोडू नका. दोन्ही मी पाळल्या होत्या.

सुरी 170 मिलीमीटरची, जपानमधल्या सेकी शहरात बनलेली, गाभा व्हीजी-10 या स्टेनलेस पोलादाचा, कडकपणा रॉकवेल मापाने 60-61 (आकडा मोठा तितकं पोलाद कडक), बाजूंना नागमोडी नक्षीचे मऊ थर. ही घ्यावी की 210ची ग्युतो, म्हणजे लांब, टोकदार जपानी सुरी, यावर मी महिनाभर घोळ घातला. ग्युतोच्या लांबीत मोठा कोबी एका ओढीत चिरला जातो आणि तिचं निमुळतं टोक बारीक कामाला बरं पडतं. पण माझा ओटा अरुंद आहे आणि रोजचं काम बहुतेक भाज्यांचं, त्यामुळे सान्तोकूच घेतली. ही निवड आजही बरोबर वाटते. नक्षीसाठी जास्तीचे पैसे मोजले ते मात्र वाया गेले. धार असते ती मधल्या पट्टीला, नक्षी राहते बाजूला. साध्या पात्याच्या, त्याच गाभ्याच्या सुरीने कांदा तसाच चिरला गेला असता.

आणि कांदा खरंच सुरेख चिरला जातो. पहिल्या दिवशी मी अर्धा कांदा पालथा ठेवून पातळ काप काढले तर चिरायच्या पाटावर पाणी सुटलं नाही, डोळ्यांना फारसं लागलं नाही. काप एकमेकांना चिकटून जसाच्या तसा कांदा उभा होता. बोटाने ढकलला तेव्हा सुटा झाला. बोथट सुरी कांदा चेंगरते आणि त्यातून सुटणारा रस डोळ्यांना झोंबतो, हे माहीत होतं. तरी तो एवढा फरक मी आधी कधी अनुभवला नव्हता.

आता पाठीबद्दल. हा मुद्दा मी सोडू शकत नाही. सुरी नीट धरायची तर मूठ पुरेशी नसते, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पातंच धरावं लागतं. म्हणजे पाठीची कड थेट तर्जनीच्या बुडाशी येते. या सुरीची पाठ काटकोनात कापून तशीच सोडलेली आहे. दहा मिनिटं गाजरं चिरली की बोटावर लाल चर उमटायचा. महिन्याभरात तिथे घट्टा पडला. टाचेजवळचा, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या टोकाचा, मधल्या बोटाला लागणारा कोपरा तर त्याहून वाईट. पात्यावर आरशासारखी चकाकी, अक्षरं कोरलेली, खोक्याला आतून मखमल, आणि जिथे माणसाचा हात रोज टेकणार ती जागा गोल करायला कुणाला दोन मिनिटं मिळाली नाहीत? एवढी महागाची वस्तू घेतल्यावर हे काम गिऱ्हाइकाने का करावं, याचा राग मला अजून आहे.

शेवटी मीच केलं. धारेवर जाड चिकटपट्टीचे तीन थर लावले, सुरी पाठ वर करून शिकंज्यात लाकडाच्या दोन तुकड्यांमध्ये धरली आणि पाण्याच्या पॉलिश पेपरची पट्टी पाठीवरून दोन्ही हातांनी खालीवर ओढली. आधी 240 नंबरचा, मग 400, 800, शेवटी 1500 (आकडा मोठा तितका कण बारीक, दगडांचंही तसंच). पंचवीस मिनिटं लागली. मग कापसाचा बोळा पाठीवरून फिरवून पाहिला, एकही तंतू अडकला नाही. त्या दिवसापासून सुरी हातात घेतली की ती माझी वाटते. सुरी निवडताना पोलादाचं नाव नंतर वाचा, आधी पाठीवरून बोट फिरवून पाहा.

इथपर्यंतचं पाचव्या महिन्यात लिहून ठेवलं होतं. त्याखाली आणखी एक वाक्य होतं: पोलाद ठिसूळ आहे, घेऊ नका. ते मी आता खोडते आहे.

दोष पाटाचा होता, आणि माझ्या मनगटाचा. माझा कटिंग बोर्ड बांबूचा होता, टणक. शिवाय जुन्या जर्मन पद्धतीच्या सुरीची सवय, म्हणजे टोक पाटावर टेकवून पातं झुलवायचं आणि झुलवता झुलवता थोडं वळवायचं. चिरून झालं की धारेनेच सगळं खरडून भांड्यात लोटायचं. त्या जुन्या सुरीचा कडकपणा 56 ते 58 असेल. तिची धार अशा वागणुकीने वाकते, आणि सळईवर घासली की पुन्हा सरळ होते. 60च्या वरची धार वाकत नाही. आडवा जोर आला की तुटते. या सान्तोकूची धार दोन्ही बाजूंना साधारण 15 अंशांची, म्हणजे कडेला पोलाद उरतंच किती? त्यातच मी तिला रेघांच्या लोखंडी सळईवरही घासत होते. तो टवका नेमका कशाने उडाला ते सांगता येणार नाही, पण उडण्याजोगं मी रोजच काहीतरी करत होते.

आता पाट मऊ लाकडाचा आहे. चिरताना पातं पुढे ढकलत सरळ खाली आणते, सान्तोकूची धार जवळजवळ सपाट असल्यामुळे ते सोपं जातं. चिरलेलं लोटायचं तर सुरी उलटी करून पाठीने लोटते. गोठलेलं काही आणि जाड सालीचा भोपळा यांना जुनी सुरी आहेच. सहा महिने झाले, नवा टवका नाही.

दुरुस्तीचा अनुभव सविस्तर सांगते, कारण त्यात मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. 400च्या दगडावर दोन संध्याकाळी घासून टवका संपेपर्यंत सगळी धार मागे आणली, मग 1000वर नीट केली. कागद सरसर कापला. आनंदाने गाजर घेतलं तर ते चिरलं न जाता मध्येच टक्कन फुटलं. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. धार होती, पण धारेमागचं पातं जाड झालं होतं. पातं पाठीकडे जाड होत जातं, त्यामुळे धार अर्धा मिलीमीटर वर सरकली की त्या जाड भागात जाते आणि पाचरीसारखी वागते. मग पातं दगडावर जवळजवळ आडवं धरून, धारेमागचा भाग पातळ करत बसले. गाजर पुन्हा निमूट चिरलं जाऊ लागलं, पण नक्षीच्या खालच्या बोटभर पट्ट्यात ओरखडे आले. ती नक्षी मला आवडायची. वाईट वाटलं.

नेहमीच्या धारेसाठी 1000चा एक दगड पुरतो. 6000चा घ्यायचा मोह मी टाळला आणि पैसे वाचवले, भाज्यांना त्याची गरज नाही. ओढून धार लावायची ती खाचांची यंत्रं फुकट मिळाली तरी नकोत, अशा कडक धारेला त्यांनी दाते पडतात. कोनासाठी माझा हिशेब असा: पात्याची उंची 45 मिलीमीटर, तर 15 अंशांसाठी पाठ दगडापासून सुमारे 12 मिलीमीटर वर हवी. तेवढ्या जाडीची पुठ्ठ्याची पाचर सुरुवातीला पाठीखाली ठेवायची, चारपाच वेळांत हाताला सवय होते. एका बाजूने घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला पोलादाची बारीक किनार उलटते. डोळ्याला दिसत नाही, पण अंगठा पाठीकडून धारेकडे, धारेच्या बाहेर जाईल असा हलकेच सरकवला की खरखर लागते. टाचेपासून टोकापर्यंत ती खरखर लागेपर्यंत बाजू बदलायची नाही. मी घाई करायचे, म्हणून टोकाकडे धार कधी येतच नव्हती. शेवटी पाठ 15 मिलीमीटरपर्यंत उचलून दोन्हीकडे तीन-तीन हलके हात. त्याने कड जराशी दणकट होते. हे मी दीड-दोन महिन्यांनी करते. दगडही मधे झिजून खोलगट होतो, त्यावर पेन्सिलीने चौकटी आखून काचेवर ठेवलेल्या ओल्या पॉलिश पेपरवर रेघा जाईपर्यंत घासायचा.

गंज म्हणाल तर एकदाच. लिंबू कापून सुरी रात्रभर तशीच राहिली आणि टाचेजवळ तांबूस ठिपका आला. खायच्या सोड्याने गेला. तेव्हापासून वापरली की लगेच धुऊन, पुसून ठेवते.

गेल्या महिन्यात विक्रेत्याला सातवा ई-मेल पाठवला. तक्रार नाही, फक्त खोक्यातल्या कागदासाठी तिसरी ओळ लिहून दिली: मऊ पाट वापरा, पातं पिळू नका, धारेने खरडू नका. अजून उत्तर नाही. बहिणीने हीच सुरी मागवली आहे, साध्या पात्याची. तिच्याकडे काचेचा कटिंग बोर्ड आहे, तो आधी काढून ठेवायला सांगितलंय. सुरी आली की पॉलिश पेपर आणि चिकटपट्टी घेऊन मी जाणार आहे.