अर्धं बॉनेट कार्नौबा, अर्धं सीलंट: दहा महिन्यांनंतर

नागपुरात गडद रंगाची गाडी घेऊ नये, हे शहाणपण मला गाडी घेतल्यावर आलं. 2018ची निळी हॅचबॅक. मानकापूरला आमच्या सोसायटीत शेड नाही, त्यामुळे गाडी दिवसा ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये आणि रात्री आंब्याखाली. मागच्या दसऱ्यापर्यंत निळा रंग धुतलेल्या पाटीसारखा दिसायला लागला होता. ती ओली दिसणारी, खोल झळाळी परत हवी होती, म्हणून वॅक्सच्या मागे लागलो.

सदरमधल्या दुकानदाराने काउंटरवर सात-आठ डब्या मांडल्या आणि म्हणाला, "घ्या ना भाऊ कोणतीही, सगळ्या चमकतेच." मी दोन घेतल्या: एक पिवळसर कार्नौबा पेस्ट, साडेसातशेची, आणि एक दुधासारखं पातळ सिंथेटिक सीलंट, अकराशेचं. कंपनी मुद्दाम लिहीत नाही. मला जो फरक दिसला तो कंपनीचा नव्हता, जातीचा होता.

कार्नौबा म्हणजे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. पानातलं पाणी उन्हात उडू नये म्हणून झाडच ते धरतं. हे वाचून मी हुरळलो होतो, म्हटलं उन्हाचं औषध उन्हातूनच आलं. हे मेण वितळायलाही 80 अंशांच्या वर तापमान लागतं. पण डबीत असतं ते निव्वळ कार्नौबा नव्हे. ते इतकं कडक आणि ठिसूळ असतं की हाताने लावताच येणार नाही. त्यात तेलं, सॉल्व्हंट, दुसरी मेणं घालून ते मऊ केलेलं असतं. तेव्हा डबीवर 100 टक्के वगैरे लिहिलेलं असेल तर त्याला फार भाव देऊ नका. सीलंटमध्ये झाडाचं काही नसतं, ते कारखान्यात बनवलेलं पॉलिमर.

आता खरी मेहनत. ती वॅक्सच्या आधीची आहे आणि पहिल्या रविवारी मी ती गाळली. धुतली, पुसली, वॅक्स लावलं. चमकली, पण धुळीवर तेल लावल्यासारखी. मग एकाने सांगितलं, हातात पातळ प्लास्टिकची पन्नी घाल आणि धुतलेल्या बॉनेटवरून फिरव. फिरवली तर काय, अख्खं बॉनेट सॅंडपेपर! नुसत्या बोटांना हे कण कळत नाहीत, पन्नीतून लगेच कळतात. ते काढायला क्ले बार लागतो, पोरांच्या खेळण्यातल्या मातीसारखा. शॅम्पूच्या पाण्याने भिजवून हलक्या हाताने सरकवायचा, दाबायचा नाही. खाली पडला तर फेकून द्यायचा, नाहीतर चिकटलेली रेतीच रंगावर घासली जाते. बॉनेट आणि छत करायला मला दीड तास लागला. तिसऱ्या मजल्यावरचे काका खाली आले. "काय करून राहिला रे? एवढं तर मी लग्नात चेहऱ्याले नाही लावलं."

क्ले झाल्यावर गाडी उन्हात धरली आणि दुसरं दुखणं दिसलं: कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे. गाडी धुणारा भाऊ रोज सकाळी एकाच बादलीत, एकाच फडक्याने पंधरा गाड्या पुसायचा. आपल्याकडे रस्त्याची कामं बारा महिने, त्यामुळे त्या फडक्यात काय असणार ते सांगायला नको. हे ओरखडे प्रकाश इकडेतिकडे उडवतात, म्हणून गडद रंग राखाडी दिसतो. वॅक्स ते घालवत नाही, थोडे भरून झाकतं. घालवायचे तर पॉलिश, म्हणजे वरच्या पारदर्शक थराला किंचित घासणं. तो थर साधारण 40-50 मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ, त्यामुळे दर दिवाळीला पॉलिश करत सुटू नये. मी बारीक पॉलिश हाताने एकदाच केलं. अर्धे ओरखडे गेले, उरलेल्यांशी समेट केला.

मग बॉनेटच्या मधोमध टेप लावला. डावीकडे कार्नौबा, उजवीकडे सीलंट.

दिवाळीत डावी बाजू सरळ सरळ जिंकली. उजवी काचेसारखी लख्ख, पण डावीत एक ऊब होती, निळा रंग खोल विहिरीच्या पाण्यासारखा. बायकोला टेपचं काही सांगितलं नव्हतं, तरी ती डावीकडेच बोट दाखवून म्हणाली, "इथे काय लावलंत?" पण ही मजा गडद रंगाची. उरलेली पेस्ट मी भावाच्या पांढऱ्या गाडीला लावून पाहिली. हात गुळगुळीत लागला, डोळ्याला काही कळलं नाही.

माघात आंबा मोहरला आणि तुडतुड्यांचा चिकटा गळायला लागला. दरवर्षी हा चिकटा नखाने खरवडावा लागायचा. यंदा दोन्ही बाजूंनी साध्या शॅम्पूच्या पाण्याने निघाला. माझ्या लेखी पैसे तिथेच वसूल झाले.

मार्चमध्ये डावीकडे पाण्याचे थेंब गोल राहीनात, पसरायला लागले. एप्रिलच्या मध्यात तिथे वॅक्स कधी लावलं होतं का, असा प्रश्न पडावा. नागपूरचं ऊन 45 अंशांचं, पण गडद पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. त्यात मेण आणि तेलं किती टिकणार? सीलंट मात्र नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ जळते दिवस, काढून गेलं. जुलैच्या पावसातही उजवीकडे थेंब मोत्यासारखे उभे होते, आता पोळ्याच्या तोंडावर जरा सुस्तावलेत. या मोत्यांवर भाळू नका मात्र. बोअरच्या पाण्याचा थेंब उभ्या उभ्या वाळला की क्षारांचं पांढरं कडं ठेवून जातो, म्हणून धुतल्यावर गाडी पुसलीच पाहिजे. आणि कबुतराची घाण मे महिन्यात दुपारभर राहिली तर वॅक्स असो वा सीलंट, डाग पडतोच. माझ्या छतावर दोन आहेत.

लावताना केलेल्या चुका थोडक्यात: तापलेल्या पत्र्यावर लावलं, पट्टे उमटले. जाड लावलं, पुसता पुसता खांदा गेला. काळ्या प्लास्टिकवर लागलं, ते पांढरट डाग जुन्या टूथब्रशने दोन आठवडे काढत होतो. डबी डिकीत विसरलो, मे महिन्यात पेस्टचं तूप झालं आणि थंड झाल्यावर तेल वेगळं, मेण वेगळं.

गाडी सावलीत राहत असेल आणि रंग काळा, निळा, मरून असेल तर कार्नौबा घ्या आणि दर दोन-अडीच महिन्यांनी लावायची तयारी ठेवा. माझ्यासारखी उघड्यावर असेल तर होळीच्या आधी सीलंट. मी यंदा दसऱ्याला सगळीकडे सीलंट लावून, दिवाळीच्या आदल्या रविवारी वरून कार्नौबाचा पातळ हात देणार आहे. गाडी धुणाऱ्या भाऊला आता फक्त काचा आणि चाकं करायला सांगितलंय, पैसे तेवढेच. तो म्हणाला, "साहेब, काही चुकलं काय?" काय सांगणार त्याला! दुसरं फडकं घेऊन दिलं.