इंग्रजी वाचनाचा सराव: खाण्यापिण्यावरचे उतारे की खरीखुरी रेसिपी?

इंग्रजी वाचनाची सवय लावायची तर विषय रोजचा असावा, आणि खाण्याइतका रोजचा विषय दुसरा नाही, इथपर्यंत सगळ्यांना पटतं. अडतं ते पुढे. सरावासाठी मुद्दाम लिहिलेले, खाली प्रश्न असलेले उतारे वाचायचे की सरळ इंग्रजी रेसिपी उघडायची? मी दोन्ही केलंय आणि दोन्हींचा फायदा झाला. सारखा मात्र झाला नाही.

उताऱ्यांचं पारडं हलकं नाही. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी शिकलेल्या आमच्यासारख्यांना ते पाचवीत भेटलं, त्यामुळे सोप्याकडून अवघडाकडे जाणारी मांडणी धीर देते. ब्रिटिश कौन्सिलच्या लर्नइंग्लिश साइटवर वाचनाचे धडे ए१ (अगदी सुरुवातीची) ते सी१ (बरीच वरची) अशा पातळ्यांत लावलेले आहेत, तेही फुकट. आयल्ट्स, म्हणजे परदेशी शिकायला जाणारे देतात ती इंग्रजीची परीक्षा, द्यायची असेल तर वादच नाही. तिथे वाचनाच्या पेपरात ६० मिनिटांत ४० प्रश्न सोडवायचे असतात आणि तो वेग उताऱ्यांवरच येतो.

माझं बिनसलं ते खालच्या प्रश्नांशी. समजा उताऱ्यातली मुलगी शनिवारी बाजारात जाते, टोमॅटो आणि चीज घेते, मशरूम आवडत नाहीत म्हणून ते घेत नाही. खाली प्रश्न येतो, ‘तिला काय आवडत नाही?’ नजर सरळ ‘डझन्ट लाइक’वर जाते, पुढचा शब्द उचलते आणि उत्तर बरोबर येतं. मशरूम म्हणजे काय हे माहीत नसलं तरी बरोबर येतं! बऱ्याचदा प्रश्नांचा क्रमही उताऱ्यातल्या वाक्यांच्या क्रमानेच जातो, म्हणजे शोधायचेही कष्ट नाहीत. मी वापरत होतो त्या सरावाच्या पुस्तकात तर हे पानोपानी होतं. हळूहळू आधी प्रश्न आणि मग उतारा अशी सवय लागली. मार्क चांगले पडायचे, पण पान मिटून ‘काय वाचलं?’ असं कुणी विचारलं असतं तर चार वाक्यं सांगता आली नसती. वाचनाच्या सरावात वाचनच चुकवता येतं, ही गोष्ट मला शेवटपर्यंत खटकत राहिली.

रेसिपीत असं निसटता येत नाही. आमच्याकडे पद्धत अशी की मी मोबाइलवर रेसिपी वाचतो आणि ओट्यापाशी उभ्या असलेल्या आईला मराठीत सांगतो. लगेच तिचे प्रश्न सुरू होतात. ‘झाकण ठेवायचं का? साखर सगळी एकदम घालू? गॅस बारीक कधी करायचा?’ पुस्तकातल्या प्रश्नकर्त्याला उत्तर आधीच माहीत असतं. आईला ते खरंच हवं असतं, कढई तापलेली असते. मग मी पुन्हा वाक्यात शिरतो, ‘अंटिल’च्या पुढचं नीट वाचतो. कधी उत्तर रेसिपीत नसतंच, आणि ‘हे यात दिलेलं नाही’ असं खात्रीने सांगायला सगळं लक्ष देऊन वाचलेलं असावं लागतं. आयल्ट्समध्ये ‘नॉट गिव्हन’ हा पर्याय असतो, त्याचा सराव मला तरी इथेच झाला असं वाटतं.

बारकाईने वाचायची सवयही इथेच लागते. साहित्याच्या यादीत ‘वन कप वॉलनट्स, चॉप्ड’ लिहिलं असेल तर अक्रोड आधी कपाने मोजायचे आणि मग चिरायचे. ‘वन कप चॉप्ड वॉलनट्स’ असेल तर आधी चिरायचे, मग मोजायचे. चिरलेले कपात जास्त मावतात, म्हणजे एका स्वल्पविरामाने माप बदललं. ‘टू टेबलस्पून्स ऑइल, डिव्हायडेड’ म्हणजे तेल एकदम ओतायचं नाही, पुढे दोन-तीन ठिकाणी थोडं थोडं लागणार आहे.

रेसिपीतलं उणं एवढंच की सगळी वाक्यं आज्ञेची: चिरा, ढवळा, गार करा. भूतकाळ नाही, कुणाचं मत नाही. त्यावर मला सापडलेला उपाय म्हणजे फूड ब्लॉग. रेसिपीच्या आधी तिथे आजीच्या, प्रवासाच्या, फसलेल्या केकच्या लांबलचक गोष्टी असतात. लोक कंटाळून ‘जंप टू रेसिपी’चं बटण दाबतात. आपण दाबू नये, कारण वर्णन आणि भूतकाळ तिथेच भरपूर वाचायला मिळतो. अमेरिकन ब्लॉगवर कोथिंबिरीला ‘सिलँट्रो’ म्हणतात आणि ओव्हन फॅरनहाइटमध्ये (३५० म्हणजे आपले साधारण १८० सेल्सिअस) असतो, एवढं ठाऊक असलं की पुढे अडत नाही.

परीक्षेची तारीख ठरली असेल तर तूर्त उतारेच घ्या, फक्त प्रश्न झाकून आधी पूर्ण वाचा. तारीख नसेल तर मी रेसिपीच म्हणेन. पोह्यांची नको, कारण कृती पाठ असते आणि आपण न वाचताच पुढे जातो. घरी कधी न केलेला पण साहित्य हाताशी असलेला पदार्थ घ्या, पॅनकेक चालतील. वाचणारा एक आणि करणारा दुसरा असू द्या, आणि करणाऱ्याला मोबाइल दाखवू नका.