५८ सीसीची चेनसॉ, आठ महिने आणि एक प्लास्टिकचा गिअर

मेचा शेवटचा आठवडा, पावसाआधीची घाई, आणि कौलांवर झुकलेल्या फणसाच्या फांदीत मशीन धूर काढून बसली. खालचा काप झाला होता, वरचा निम्मा. चेन आवळली, ती ज्या लांब पात्यावर फिरते तो बार निळा पडला. मी वर, कमरेला दोर, खाली खळ्यात घरच्या आजी उभ्या. उरलेली फांदी हातकरवतीने कापून दोराने उतरवली, त्यात दोन तास गेले. एक कौल फुटलं नाही, एवढंच त्या दिवसाचं समाधान.

कंपनीचं नाव देत नाही. या घडणीच्या मशिनी दहा नावांनी विकल्या जातात आणि आतला माल जवळपास एकच असतो. दिवाळीनंतर ९,८०० रुपयांना घेतली. जर्मन मशीन घ्यायची तर किंमत तिप्पट, आणि माझ्यासारख्या दोन माणसांच्या कामाला ते झेपत नाही.

आमचं काम दापोली तालुक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने आंबा, नारळ, सुपारी आडवी केली, तेव्हा मी आणि चुलतभाऊ कुऱ्हाड-करवत घेऊन रस्ते मोकळे करत होतो. या धंद्यात आलो ते तिथून. मुळापासून झाड पाडायचं काम कमीच असतं. आंबा, फणस, ऐन, किंजळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, परवानगीशिवाय पाडता येत नाहीत, आणि माझंही मन होत नाही. घरावरच्या फांद्या कमी करणं, कलमांवरचं बांडगूळ काढणं, वठलेला शेंडा उतरवणं, हेच जास्त. म्हणजे मशीन सलग चालत नाही. एक काप, थांबा, जागा बदला, पुन्हा काप. हे लक्षात ठेवा, पुढे याचाच संबंध येतो.

कापायला मशीन चांगली आहे, यात वाद नाही. चिंचेच्या बुंध्यालाही दबली नाही. ४.८ मिलिमीटरची गोल कानस, ३० अंशाचा कोन, दोन टाक्या झाल्या की प्रत्येक दाताला दोन-तीन हात. एवढं केलं की भुसा पिठासारखा न पडता चिरफळ्यांसारखा पडतो. मार्चमध्ये बारचं टोक आड आलेल्या फांदीला लागून मशीन उसळली, तर पुढच्या ब्रेकने चेन जागच्या जागी थांबवली. त्या एका क्षणासाठी मी या मशीनला बरेच गुण देतो.

आता ऑइल पंप. पेट्रोलची टाकी ५५० मिली, चेन ऑइलची २६०. हिशेब असा की दोन्ही साधारण बरोबरच रिकाम्या व्हाव्यात. माझ्याकडे फेब्रुवारीपासून पेट्रोल संपलं तरी ऑइल निम्मं उरायचं. मला वाटलं, बरं झालं, कमी पितेय. ती चूक होती. ऑइल उरतंय याचा अर्थ ते बारपर्यंत पोचतच नाहीये. बार कोरडा, चेन कोरडी, आणि फणसाचा चीक भुशात मिसळून बारच्या खाचेत अन् ऑइलच्या भोकात घट्ट बसलेला. मी रॉकेलने धुवायचो, तारेने भोक साफ करायचो, दोन दिवस बरं चालायचं, पुन्हा तेच.

फणसावर बंद पडली तेव्हा वॉरंटीचे पाच महिने बाकी होते. सर्व्हिस सेंटरवाल्याने ऑइलचं झाकण उघडलं, बोट बुडवलं आणि म्हणाला, "दादा, हे जळकं ऑइल आहे. वॉरंटी गेली." खरं होतं. गॅरेजमधून इंजिनचं जुनं ऑइल फुकट मिळतं, आमच्याकडे सगळे तेच घालतात, मीही घालत होतो. चेनचं ऑइल लिटरला तीनशेच्या पुढे आणि दिवसाला अर्धा लिटर लागतं. मी म्हटलं, ऑइलचं सोडा, पंप फिरतोय का ते तरी उघडून बघा. बघितला नाही. १,८०० रुपयांचा अख्खा पंप बदलायचा अंदाज हातात दिला. अर्धा तास वाद घालून मशीन परत आणली. त्या दिवशी मी घरी आलो तो ठरवून, की या मशीनला एक तारा द्यायचा.

इथे मत बदललं. रात्री चुलतभावाने क्लच खोलला. पंप शाबूत होता. क्लच ड्रम, म्हणजे चेन फिरवणारी वाटी, त्याच्या मागचा वर्म गिअर, जो पंप फिरवतो, तो प्लास्टिकचा आणि वितळून गुळगुळीत झालेला. जळक्या ऑइलने प्लास्टिक वितळत नाही. कारण माझ्या सवयीत होतं. झाडावर एका हाताने दोरी ओढून मशीन सुरू करणं जमत नाही, म्हणून ती बंद पडू नये यासाठी मी आयडलिंगचा स्क्रू फिरवून रेस वाढवून ठेवली होती. जागा बदलताना ब्रेक लावून मशीन चालूच लटकवायचो. रेस जास्त, ड्रम ब्रेकने धरलेला, आत क्लच घासत राहणार आणि ड्रम तापणार. त्या तापाने गिअर गेला. ज्या ब्रेकने मला वाचवलं, तोच मी चुकीचा वापरला.

तरीही राग पूर्ण गेलेला नाही. तापणाऱ्या ड्रमला चिकटून प्लास्टिकचा भाग ठेवायचा, आणि माहितीपत्रकात त्याबद्दल एक ओळ नाही? धातूचा गिअर २६० रुपयांना मिळाला, बसवायला वीस मिनिटं लागली. आता रेस कमी आहे, चेन नुसत्या आयडलवर फिरत नाही, आणि जागा बदलायची तर मी मशीन बंद करतो. दोरी ओढायचा त्रास सोसतो.

जळकं ऑइलही सोडलं, पण सर्व्हिसवाल्याच्या बोलण्याने नाही. त्याच आजींनी सारवलेल्या खळ्यावरचे काळे ठिपके दाखवले आणि विचारलं, "हेच माझ्या फणसाच्या जखमेत गेलं काय रे?" गेलं होतं. कापावर बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट लावायची आणि त्याआधी इंजिनची काजळी चोळायची, हे झाडाशी बरं वागणं नाही. आता ताजं २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल घालतो. दिवसाला शंभरएक रुपये जास्त जातात, ते मजुरीत धरतो आणि गिऱ्हाइकाला तसं सांगतो.

पेट्रोलबद्दल थोडंच. २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल पाणी ओढतं, कोकणच्या पावसाळ्यात तर जास्तच. लिटरला ४० मिली टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनचं ऑइल, मिसळून त्या दिवसापुरतंच बनवतो, संध्याकाळी टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. कार्बुरेटरने अजून त्रास दिलेला नाही.

एक तारा देणार होतो, साडेतीन देतोय. रोज सकाळी बारचं टोक कोऱ्या पुठ्ठ्यासमोर धरून रेस देतो; पुठ्ठ्यावर ऑइलची रेघ उठली तरच मशीन झाडावर जाते. जुना वितळलेला गिअर पिशवीत ठेवलाय, कोणी ही मशीन घ्यायला निघालं की आधी तो हातात देतो.