सीपॅप मशीन, आठ महिने आणि माझी मिशी

मे महिन्यात भुसावळला रात्री दोनला लाइट गेली, परत आली ती दणक्यातच आली आणि मशीनचा अ‍ॅडाप्टर फट्. तेव्हाच ठरवलं होतं की याच्यावर लिहायचं. सीपॅप म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियावालं मशीन, झोपेत घसा मिटून श्वास अडकू नये म्हणून रात्रभर मास्कमधून दाबाने हवा सोडतं, बाकी तांत्रिक सोडा. मी आधी मिशीचं सांगतो.

नाकावरचा मास्क वरच्या ओठावर जिथे टेकतो तिथेच माझी मिशी, त्यातून रात्रभर फुस्स फुस्स हवा. पट्टा आवळला की सकाळी गालावर वळ, सैल सोडला की परत फुस्स. डीलर म्हणे, काढून टाका ना साहेब मिशी! अरे, आप्पा ८१ वर्षांचे ठणठणीत बसलेत घरात, बाप असताना मिशी काढतं का कोणी? शेवटी ओठाकडची कड कात्रीने बारीक केली, थोडा फरक पडला. माय तर पहिल्या रात्री बघून म्हणे, "हाई काय सोंड बांधी लिनी रे?"

घेतलं कशाला, तर बीपीच्या तीन गोळ्या चालू असून सकाळचा वरचा आकडा १५८-१६० च्या खाली येईना. जळगावच्या डॉक्टरांनी मला सोडून बायकोला विचारलं, हे घोरतात का? ती दहा वर्षं याच प्रश्नाची वाट बघत होती. "घोरतात, मग एकदम गप्प, मी नाकापाशी हात धरून बसते, मग म्हशीसारखं फुरफुरून परत चालू." रात्रीची टेस्ट केली, तासाला ३८ वेळा श्वास अडकत होता, ऑक्सिजन ७४ टक्क्यांपर्यंत खाली. तासाला ३० वेळांच्या वर म्हणजे सिव्हिअर. डॉक्टर म्हणाले घसा मिटतो, ऑक्सिजन पडतो, मेंदू दचकून उठवतो, त्या दचक्यात अ‍ॅड्रेनलिन सुटतं आणि बीपी उसळतं, झोपेत बीपी उतरून हृदयाला जो आराम मिळायचा तो मिळतच नाही. पुढे ठोके बिघडणं, स्ट्रोक, सगळं याच रस्त्यावर. नुसतं घोरणारा प्रत्येक जण यात नसतो म्हणा, मधे श्वास थांबतो का ते घरच्यांनी बघायचं.

४२ हजार गेले. पहिले दोन महिने मी सगळ्यांना सांगत होतो, घेऊ नका, पैसे पाण्यात. त्यात कुठेतरी वाचलं की २०१६ च्या सेव्ह नावाच्या मोठ्या अभ्यासात हृदयरोग असलेल्या पेशंटचे अटॅक-स्ट्रोक सीपॅपने कमी झालेच नाहीत. तेच घेऊन डॉक्टरांकडे गेलो भांडायला. ते शांतपणे म्हणाले, त्यात लोकांनी मशीन रात्री सरासरी ३.३ तासच लावलं होतं, तुमच्या मशीनमधलं तासांची नोंद ठेवणारं कार्ड दाखवा. माझे निघाले अडीच! गप्प बसलो.

मग हट्टाने सहा तास लावायला लागलो. बीपी १३८ च्या आसपास आलं, दुपारी दुकानात डुलक्या बंद. डॉक्टरांनी मधे एक गोळीही बदलली होती, त्यामुळे सगळं श्रेय मशीनला मी देत नव्हतो.

आणि मग अ‍ॅडाप्टर गेला. सर्व्हिसवाले म्हणे व्होल्टेजने जळालेलं वॉरंटीत बसत नाही, नवीन मुंबईहून येईल, फोन केला की "उद्या". असे १८ दिवस काढले. गोळ्या त्याच, मीठ तेवढंच, तरी सकाळचा आकडा दहाव्या दिवशी १४८, पुढे १५०. कूलरच्या घरघरीवर माझं घोरणं चढायला लागलं तशी बायको पोरांच्या खोलीत गेली झोपायला. ३,२०० चा अ‍ॅडाप्टर आल्यावर मी डीलरशी घासाघीसही केली नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही. आता मशीन इन्व्हर्टरवर आहे, तो खर्च वेगळा.

पण राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. अ‍ॅडाप्टर घ्यायला गेलो तर काउंटरवर दुसराच मास्क पडलेला, नाकपुड्यांत बसणाऱ्या दोन छोट्या रबरी बोंडांचा, मिशीला लागतच नाही. आठ महिने हा माणूस मला मिशी काढ म्हणत होता! २,८०० मागतोय. मी अडीचला अडून बसलोय.